स्लॅबची पार्टी

लातूरला घर बांधायला काढलं तेव्हा सिमेंट, वाळू, सळई याबद्दल मी चार जणांना विचारून घेतलं होतं. स्लॅबच्या पार्टीबद्दल विचारायचं राहिलं. स्लॅब भरून झाला की मालकानं टोळीला मटण आणि दारू द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. कुठल्या कायद्यात नाही, पण मोडून बघा.

टोळी मुखेडकडची होती. स्लॅबच्या आदल्या दिवशी घमेली वाहणाऱ्या एका बाईनं मला जिन्याजवळ गाठलं. हळूच म्हणाली, "सर, उद्या बाटली देऊ नका. आमच्या घरच्यांनी दिवाळीपासून सोडलीय. समोर आली की त्यांचं काही चालत न्हाई. पण मी सांगितलं म्हणू नका, सगळे त्यांना हसतेत." तिचा नवरा मिक्सरवर सिमेंटची पोती टाकायचा. मी शब्द दिला.

मुकादमाला सांगितलं, मटण पोटभर, वर गोड, दारू मात्र नाही. त्यानं तोंड वाकडं केलं. "मालक, दिवसभर माल वाहून अंग मोडून जातंय. प्याल्याबिगर झोप लागत न्हाई माणसाला." हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. अंग दुखतं म्हणून प्यायची, सकाळी तेच जड अंग घेऊन पुन्हा पोती उचलायची, आणि यावर इलाज काय, तर पुन्हा बाटली. मी हटलो नाही.

पण घरात अण्णा होते. माझे वडील, माळकरी माणूस, आयुष्यात थेंबाला शिवलेले नाहीत. कारागीर नाराज होऊन गेले की घर लाभत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी आचाऱ्याकडून जेवण आणायला गेलो, तेवढ्यात हे उपरण्यानं तोंड झाकून दुकानात गेले आणि पिशवी भरून बाटल्या घेऊन आले. मी परतलो तर अण्णा स्वतः प्लास्टिकचे ग्लास वाटत होते. "घ्या बाबांनो, लाजू नका." तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याचा ग्लास रिकामा झालेला होता.

मी अण्णांवर ओरडलो. ते म्हणाले, "अरे, स्लॅब म्हणजे सण असतो त्यांचा. तुझं काय जातं?" काय जातं ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बाईला शब्द दिला होता. मग चरफडत सगळ्यांना वाढत राहिलो. ती पंगतीत बसली नाही.

दोन दिवसांनी स्लॅबवर पाणी मारायला ती एकटीच आली. नवरा कुठाय विचारलं, तर म्हणाली, "पडून हाय." मी अण्णांचं सगळं सांगू लागलो. तिनं पाइप ओढत ओढत ऐकून घेतलं. चिडलीसुद्धा नाही, आणि त्याचाच मला त्रास झाला.

"तुमचं घर तर झालं, सर," ती म्हणाली. "परवा रेणापूरला स्लॅब हाय. तिथल्या मालकाला कोण सांगंल?"