कौशल्याबाईंचा धानाचा कोपरा

मिक्सरमध्ये टमाटरची चटणी फिरत होती, त्यामुळे दारावरची थाप जरा उशिराच ऐकू आली. नव्या घराला बेल असताना थाप मारणारं माणूस एकच. सानगडीच्या कौशल्याबाई.

"मावशी, बेल कायले बसवली मग आम्ही?"

"करंट मारते ते. दाराले ठोकलं त काही होत नाही."

मागे त्यांचा मुलगा तुलाराम हेल्मेट काखेत धरून उभा होता. तो का आलाय ते मला ठाऊक होतं, म्हणून मी पदराने हात पुसत आधी हॉलकडे बघून घेतलं.

साकोलीतलं हे घर सजवायचं ते जिल्ह्यातच बनलेल्या वस्तूंनी, हा माझा हट्ट. पडदे आंधळगावच्या हातमागाचे, दिवे भंडाऱ्याच्या पितळी गडव्यांना भोकं पाडून केलेले, चपलांचा रॅक बांबूचा. आमचे हे म्हणाले, "आता फ्रिजही जिल्ह्यातलाच आण." फ्रिज नाही मिळाला, पण सानगडीला नवे तांदूळ घ्यायला गेले आणि कौशल्याबाईंच्या दारावर धानाची झालर दिसली. तशीच एक मी त्यांच्याकडून करून घेतली. कापणी झाली की त्या लोंबं काडीसकट ओली करतात, वेणीसारखी गुंफतात आणि दाराला टांगतात. दाणे चिमण्यांनी खायचे. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा एकही हंगाम चुकलेला नाही.

चुकला असता तो यंदा. तुलारामनं हार्वेस्टर बोलावलं. त्या मशीनमधून धान निघतं, लोंब शाबूत निघत नाही. तर बाई विळा घेऊन मशीनसमोर उभ्या! "हा कोपरा मायाय. याले मी हातानं कापीन." ड्रायव्हरनं मशीन बंद करून तंबाखू मळायला घेतली. कोपरा वाचला, पण तुलाराम चिडला. पुढच्या हंगामाला कोपरा-बिपरा काही नाही, कोण टांगते आता हे, असं त्यानं बजावलं. बाईंनीही ठणकावलं, "साकोलीची बाई टांगते. चाल, दाखवतो."

म्हणून आजची ही स्वारी. कोपरा राहायचा की जायचा, ते माझ्या हॉलवर ठरणार होतं.

दारावर नेहमीच टांगतात, म्हणून मी झालर खिडकीवर आडवी लावून घेतली होती, पडद्याच्या वर. पडद्याच्या काठाचा निळा धागाही बाईंकडून तिच्यात गुंफून घेतला. तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "धानाले काठ लावून राहिली तू! उद्या बैलाले टाय बांधशील."

तुलाराम खिडकीसमोर उभा राहिला. सकाळच्या उन्हात लोंबं सोन्यासारखी दिसत होती. त्यानं मान तिरपी केली, निळा धागा बोटानं चाचपला.

"हे आपल्या धानाच्या बांधीतलं?"

"नाही, अमेरिकेतून आणलं," त्याची आई म्हणाली.

तेवढ्यात शेजारची स्वाती विरजण मागायला आली. कौशल्याबाईंना बघताच विरजण विसरली. "याच का त्या? काकू, मले अशा दोन झालरी पाहिजेत. एक देवघरावर, एक माहेरी द्यायले."

तुलाराम हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "बरं बुढे, जिंकली तू. कोपरा ठेवू. मी स्वतः कापून देतो, मशीनसमोर नको जाऊ."

"विळा धरता येते का तुले?" बाईंनी विचारलं, पण चेहरा असा फुलला होता की बघत राहावं.

मी चहा टाकला, मुरमुऱ्याचा चिवडा दिला. कोपरा वाचला म्हणून मीच जास्त खूश होते. चहा बशीत ओतता ओतता बाईंची नजर मात्र पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात होती. खिडकीची काच बंद होती. झालर लावली त्या आठवड्यात रोज सकाळी चिमण्या आत यायच्या. सोफ्यावर तूस, हातमागाच्या गादीवर त्यांचा प्रसाद. शेवटी मी काच लावून घेतली. झालर दाण्यांनी भरलेली, जशी आली तशी.

बाहेर गजावर एक चिमणी बसली होती. काचेवर चोच मारायची, मान वाकडी करून बघायची, पुन्हा मारायची.

"बेल वाजवून राहिली बिचारी," बाई म्हणाल्या. स्वाती खळखळून हसली. मीही हसले, पण बाई हसल्या नाहीत. बशी खाली ठेवून त्या माझ्याजवळ सरकल्या.

"घर तुयं, झालर तुयी. धागा निळा लाव का लाल, माया काही म्हणणं नाही. फक्त सकाळी ते खिडकी उघडी ठेवजो."