हवालदाराचा खिसा

आष्ट्यापासून कोसभरावरच्या वाडीत इमाम शिंपीकाम करायचा. मोठा वल्ली माणूस! पायाखाली मशीन धडधडायचं आणि तोंड त्याहून जोरात चालायचं. पोलिसांच्या खाकी विजारी तोच शिवायचा, म्हणून पंच हवा असला की हवालदार थेट त्याच्या दुकानात यायचा. झडतीला गावातली भली माणसं साक्षीला लागतात, असा कायदा. आणि भला कोण? तर ज्याचं पोट पोलिसांच्या विजारींवर चालतं तो!

त्रेचाळीस साली, चळवळीच्या धामधुमीत, असंच झालं. वाडीतल्याच मनुबाईच्या घरात पिस्तूल सापडलं, असा पंचनामा दुकानात आला. इमाम जागचा हललासुद्धा नाही. डाव्या अंगठ्याला शाई लावली, ठसा उमटवला, की मशीन पुन्हा सुरू. कोर्टातही "व्हय सायेब, माज्यासमोर घावलं," म्हणाला. मनुबाईचा थोरला पोरगा कृष्णात तीन वर्षांसाठी आत गेला.

तेव्हापासून मनुबाई रोज दुकानासमोर थांबायची, इमामकडे नुसती बघायची आणि थुंकून पुढं जायची. शिव्या दिल्या असत्या तर त्याला उलट बोलता तरी आलं असतं. त्या बघण्यानं गड्याला अन्न गोड लागेना.

एकदा इस्लामपूरच्या एका वकिलांच्या कोटाचं माप घेताना त्यानं हळूच विषय काढला. वकील भडकलेच. "पंच म्हणजे काय दारातला खांब आहे का रे? आत शिरण्याआधी पोलिसांचीच झडती घ्या म्हणायचं! नुसते अंगठे कसले उठवता?" इमामनं ते वाक्य मनात पक्कं टाचून ठेवलं.

पुढच्या साली मनुबाईचा धाकटा अर्जुना भूमिगत झाला. भर दुपारी फौजदार हवालदाराला घेऊन तिच्या दारात आला. घरात काहीबाही सापडलं की म्हातारीलाच उचलायचं, म्हणजे पोरगा झक मारत हजर होईल, असा बेत. इमामला बोलावणं गेलं. या खेपेला तो उठला, गळ्यातली टेपसुद्धा काढली नाही.

"हितंच उभा ऱ्हा," हवालदार म्हणाला. "झालं की अंगठा दे."

इमाम उंबऱ्यावर वाट अडवून उभा राहिला. "आदी तुमची झडती, सायेब. मग घराची."

"काय म्हणालास?" फौजदार गरजला.

"पंच हाय न्हवं मी? तुमी आत काय घिऊन जाताय, त्ये मला दिसाय पायजे."

गल्ली गोळा झाली होती. चार माणसांत नाही म्हणणार कसं? फौजदारानं हसत स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले. हवालदार मात्र मागं सरकला. इमामची नजर त्याच्या विजारीवर खिळली.

"हवालदार, ही विजार मी शिवलीया. तिचा खिसा असा लोंबत न्हाई. काय घातलंयसा त्यात?" म्हणत त्यानं हात घातलाच. रुमालात बांधलेली पाच काडतुसं!

"आगं आई गं! ही माज्या घरात घावायची हुती व्हय?" मनुबाई किंचाळली.

"सरकारी आहेत ती," फौजदार म्हणाला. त्याचा आवाज मघाचा राहिला नव्हता.

"मग तसंच लिवा की. हवालदाराच्या खिशात घावली, घरात काय बी न्हाई. सगळ्यांफुडं वाचून दावा, मग अंगठा."

फौजदारानं कागद टराटरा फाडला आणि इमामलाच चावडीवर नेलं. कोऱ्या कागदावर अंगठा दे म्हणून छड्यांनी हात फोडला. त्यानं अंगठा मुठीत दाबला तो दाबलाच. मारून मारून तेच दमले! चौथ्या दिवशी सोडलं. खाकीचं काम कायमचं गेलं, पण मनुबाईला कुणी हात लावला नाही.

आठवड्यानं मनुबाई दुकानापुढं थांबली. थुंकली नाही. पायरी चढून तिनं कृष्णातचा जुना सदरा मशीनवर ठेवला.

"ह्या मापाचा नवा शिव. सुटंल तवा लागंल."

इमामच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजलेल्या हातानं त्यानं सदरा जवळ ओढला. "मनुबाय, माफी मागाय तोंड न्हाई मला. पर तुज्या पोराचं अपील हाय म्हनं. त्येच्या वकिलाला सांग, इमाम येतोय. मागल्या खेपंला म्या पिस्तूल बघितलंच न्हाई, दुकानात बसून अंगठा दिला, ह्ये जजाफुडं सांगतो."

"आरं, खोटी साक्ष दिली म्हून तुलाच आत घालतील की रं!"

"घालूंद्यात! आतल्यांची कापडं बी कुनीतरी शिवायचीच न्हवं?" म्हणत त्यानं गळ्यातली टेप काढून सदऱ्यावर धरली.