बारा निशाणं, सात मार्गदर्शक

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना गावात लहानथोर सगळेच नाना म्हणत. हे नाना एकदा धुळ्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले आणि येताना एक कल्पना घेऊन आले. नानांना कल्पना सुचली की आमच्या शाळेतला अभ्यासक्रम साधारण तीन महिने बंद पडे, त्यामुळे मुलं त्यांच्यावर फार प्रेम करत.

धुळ्याच्या एका शाळेच्या बँडपुढे त्यांनी निशाणं फिरवणाऱ्या मुली पाहिल्या होत्या. जळगाव जिल्ह्यातला माणूस धुळ्याचं काहीही सहन करू शकतो, पण पुढे गेलेलं धुळं नाही. फेब्रुवारीत शाळेचा रौप्यमहोत्सव होता. शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. "गुरुजी," नाना मला म्हणाले, "लेझीम आता खेड्यात राह्यली. आपल्याले निशाण पथक पाहिजे." आमचं गाव त्या वेळी सहा एसटी गाड्यांचं शहर होतं.

पथक उभं करायचं म्हणजे आधी मुली निवडायच्या, असं एखाद्या अडाण्याला वाटेल. आम्ही आधी समिती निवडली. ध्वजपथक प्रमुख म्हणून नानांचा भाचा आला. पोलीस भरतीत तो धावण्यात मागे पडला होता, तेव्हापासून खाकी पँट आणि शिट्टी वापरत होता. रसायनशास्त्राचे सर ध्वज सल्लागार झाले. पेटी वाजवणारे सर ताल मार्गदर्शक. शिस्त, वेशभूषा आणि संचलन यांना एकेक प्रमुख मिळाला, आणि मी मराठी शिकवतो म्हणून मला 'शब्दयोजना व निवेदन' दिलं. मुक्या पथकात शब्दयोजना कसली, हे मी विचारलं नाही. सात नावांची पाटी रंगवून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लागली. मग कुणाला तरी आठवलं की मुलीही लागतील. आठवी-नववीच्या बारा मुली घेतल्या.

निशाणांमागे बँडही हवा, म्हणून मोठा ढोल अमळनेरच्या एका लग्नाच्या बँडकडून जुना मिळाला. त्यावर 'शुभविवाह' लिहिलेलं होतं. ते खरवडून काढलं, तरी तिरप्या उन्हात दिसायचंच. एका पालकाने केळीच्या बागेतले टेकूचे बांबू दिले. घड तोलून तोलून ते जरा वाकले होते, त्यामुळे निशाण ताठ धरलं तरी नमस्काराला झुकल्यासारखं दिसे. रंगावर मात्र दोन बैठका झाल्या. भगवा म्हटला की एक सभासद खाकरत, हिरवा म्हटला की दुसरे, निळा आणि लाल यांनाही आपापले खाकरणारे होते. "पांढरा घ्या," कंटाळून मुख्याध्यापक म्हणाले. "आपण काय शरण जायले चाल्लो का?" नाना कडाडले. शेवटी जांभळा ठरला. जांभळ्या रंगाचा कोणताही पक्ष तेव्हा आमच्या तालुक्यात पोचला नव्हता.

निशाणं शिवायला शिवणबाई होत्या. त्या तासांवर नेमलेल्या. माहेर साक्रीच्या पुढे, पिंपळनेरकडचं. नवरा सुरतेला कामाला गेला होता आणि पत्ता कळवायचं विसरला होता. मुलगी आमच्याच शाळेत नववीत. शाळेच्या मागच्या टोकाला एक लांबट खोली होती, तीत चार पायमशिनं आणि बाई.

नानांच्या कल्पनेत एक पोटकल्पनाही होती. बँडला आणि निशाणांना ठेवायला खोली हवी, आणि रिकामी म्हणता येईल अशी खोली एकच होती. जूनपासून शिवणाचे तास बंद, तिथे बँड खोली, असं बैठकीत एका ओळीत मंजूर झालं. म्हणजे बाई ज्या निशाणांना दुमड घालत होत्या, तीच जूनमध्ये त्यांना बाहेर काढणार होती.

मी त्यांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांना ते माहीत होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"भावाकडे जाईन, सर."

"आणि मुलगी? पुढल्या वर्षी मॅट्रिक तिची."

"भावाकडे शेळ्या आहेत," बाई म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

मी शिक्षकांच्या खोलीत परत येऊन समितीवर दोन विनोद केले. ते चांगले झाले. माझी नोकरी कायम होती.

सराव सुरू झाला. भाचा मैदानाच्या मधोमध उभा राहून 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मूड', 'पीछे मूड' असं ओरडे. मुली वळत, थांबत, पुन्हा वळत. हातातल्या निशाणाचं काय करायचं हे मात्र कोणी सांगत नसे, कारण ते कोणाला माहीत नव्हतं. ध्वज सल्लागारांनी एकदा फळ्यावर वाऱ्याच्या दिशेचे बाण काढून दाखवले. त्या दिवशी वारा नव्हता. मुली आपल्या मनाने बांबू फिरवत, कापड बांबूला गुंडाळलं जाई, त्या हिसका देत आणि कापड टरकन फाटे. रोज संध्याकाळी चार-पाच निशाणं शिवणखोलीत जात, सकाळी सांधून परत येत.

आठवडाभर बाईंनी निमूट सांधलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की फाटतं ते त्याच एका जागी, वरच्या कोपऱ्यापासून वीतभर खाली. एकाच जागी फाटणारं कापड पुन्हापुन्हा सांधणं हे त्यांच्या धंद्याला कमीपणा आणणारं होतं. परकर काखेत उसवत असेल तर दोष टाक्यात नसतो, मापात असतो. म्हणून त्या माप घ्यायला मैदानावर आल्या. गळ्यात टेप तसाच.

पाच मिनिटं पाहून त्यांनी एका मुलीला जवळ बोलावलं. "मनगट कसाले आवळस गं? सुई अशी धरस का तू?"

"नही, बाई."

"मग? सैल धर. हाई बी सुईच शे, जराशी लांब शे इतलंच."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक निशाणाच्या खालच्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, त्यांनी दोन-दोन चिंचोके शिवून टाकले. त्या वजनाने कापड गुंडाळायचं थांबलं, फेकलं की पसरून उघडायला लागलं. ध्वज सल्लागारांनी हा परिणाम बाणांचा मानला.

त्यानंतर भाचा चहाला गेला की बाई मैदानावर येत. भाचा चहा फार पीत असे. हिंदीतले हुकूम बाईंना येत नव्हते आणि त्यांना लागलेही नाहीत. निशाण खाली-वर, खाली-वर करत पुढे जायचं, तो 'धावदोरा'. डोक्यावर गोल काढायचं ते 'काज'. गोल काढून झाल्यावर तसंच्या तसं उलटं फिरवत मागे यायचं, ते 'उसव'. छातीशी आणून थांबायचं ती 'गाठ'. मुलींना हे सगळं शिवणाच्या तासाला येतच होतं. तीन आठवड्यांत बारा वाकडे बांबू एका हातात असल्यासारखे फिरायला लागले. भाचा चहा पिऊन आला, त्याने पाहिलं आणि शिट्टी वाजवली. पुढे त्याने नियमच केला. निशाणं फिरली की तो शिट्टी वाजवी.

महोत्सवाला मंडप घातला होता. माईक माझ्या हातात. मी सातही मार्गदर्शकांची नावं हुद्द्यांसकट वाचली, त्यात माझंही माझ्याच तोंडाने. बाईंचं नाव कागदावर नव्हतं. ते घालावं असं मला आधल्या दिवसापासून वाटत होतं आणि वाचताना ती ओळ आली तेव्हा मी ती न घालता पुढे गेलो. बाई व्हरांड्याच्या खांबापाशी सुईदोरा घेऊन उभ्या होत्या, ऐनवेळी काही उसवलं तर.

पथक उत्तम झालं. सगळा क्रम मुलींना पाठ होता, हुकूम लागलाच नाही. नानांनी मागे वळून सभासदांकडे असं पाहिलं, की जणू धुळं त्यांनी जिंकून घेतलं. पण साहेबांना कवायतीची आवड होती, आणि आवड असलेला पाहुणा फार वाईट. ते उठून माईकजवळ आले.

"सुंदर! पण मघापासून पाहतोय, तुमची शिट्टी मागून वाजते. प्रशिक्षक कोण?"

भाचा खाडकन पुढे आला.

"ते मधलं दाखवा पुन्हा. उलटं फिरत मागे येतात ते. तेवढंच. हुकूम द्या, मला ऐकायचाय."

भाच्याने शिट्टी वाजवली. मुली त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याने घसा साफ केला. "निशाण... उलटा... पीछे मूड!"

बारा मुली अत्यंत शिस्तीने गर्रकन वळल्या आणि साहेबांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मंडपात कोणीतरी टाळी वाजवली, तीही एकच.

भाचा माझ्या कानाशी आला. घामाने त्याची शिट्टी निसटत होती. "सर, त्याले काय म्हनता? तुम्हाले माहीत शे. तुम्ही रोज खिडकीतून पाहता."

मला माहीत होतं. एक शब्द हळूच सांगितला असता तर भाचा वाचला असता, नाना वाचले असते, महोत्सव वाचला असता आणि जूनमध्ये ती खोली बँडची झाली असती. माझं पाठांतर शाळेत प्रसिद्ध होतं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "सात माणसं आहेत ना? कोणालाच येत नाही?"

ध्वज सल्लागार मंडपाच्या छताकडे पाहू लागले. पाठमोऱ्या रांगेतून एका मुलीने मान वळवली. "साहेब, बाईले येस!"

"कुठल्या बाई?"

बारा मुलींनी बारा बांबू व्हरांड्याकडे केले.

बाई आल्या त्या माप घ्यायला आल्यासारख्या. मी माईक पुढे केला, त्यांनी तो हाताने बाजूला सारला. आधी मुलींना सरळ केलं. मग म्हणाल्या, "काज." निशाणं डोक्यावर गोल उघडली. "उसव." तोच गोल उलटा फिरत, पावलागणिक मागे आला. "गाठ." बारा बांबू छातीशी. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, मग साहजिकच सगळ्यांनी वाजवल्या, नानांनी सर्वांत जोरात.

"तुम्ही काय शिकवता, बाई?" साहेबांनी विचारलं.

"शिवण, साहेब. जूनपर्यंत."

"जूनपर्यंत का?" हा प्रश्न नानांना होता.

मी माईक खाली ठेवायला हवा होता. तो मी नानांच्या तोंडापुढे धरला.

"छे छे!" नाना म्हणाले, आणि कर्ण्यातून ते बाजारापर्यंत ऐकू गेलं. "जून कसाचा? बाई आपल्या घरच्याच. शिवणाचे तास सारे बठ्ठे चालूच राहतीन!"

बाजारापर्यंत ऐकू गेलेलं वचन नानांना बैठकीत फिरवता येईना. बँड खोलीसाठी ध्वज सल्लागारांची प्रयोगशाळा अर्धी करण्यात आली. बाईंचे तास राहिले, पूर्वी होते तेवढेच, तासांवरच. पाटीवर आठवं नाव आलं, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, 'सहकार्य' म्हणून. पेंटरने त्यातही एक काना कमी घातला. पथक प्रमुख भाचाच राहिला. मी यावर एक चांगला विनोद तयार ठेवला होता, पण बाईंना पाटी वाचायला वेळ नव्हता. मुलगी दहावीत गेली होती.

जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात मी शिवणखोलीवरून जात होतो. दारात भाचा उभा होता, खाकी पँट, हातात कोरी वही.

"बाई, ते शब्द लिहून द्या बरं. बठ्ठे. मामा म्हने पाठ कर."

बाईंनी मशीन थांबवलं नाही. टेबलावरची सुई आणि रीळ त्याच्याकडे सरकवलं. "आधी दोरा ओवा."

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी पुन्हा तिथून गेलो. शिट्टी बाजूला ठेवून, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून, एक डोळा मिटून तो अजून ओवतच होता. मागच्या बाकावरच्या दोन मुली तोंडावर कापड धरून हसत होत्या.