मावशींनी ओढा झाडला

आमच्या कॉलेजच्या लॅबमधला फ्रीज बाटल्यांनी भरलाय आणि माझं डोकं किश्शांनी. बाटल्या निदान दिवाळीच्या साफसफाईत रिकाम्या होतात!

काम साधं आहे. जंगल, वावर, वस्ती... जमीन बदलली की नदीच्या पाण्यात पानांचं, शेणाचं, सांडपाण्याचं काय काय विरघळून येतं, ते मोजायचं. पल्लवी त्यावर पीएचडी करते. मी तिची गाइड, म्हणजे बाटल्या उचलणारी.

*

एकदा प्रिन्सिपल सर लॅबमध्ये आले. टेबलावर दोन बाटल्या. एक चहासारखी, एक काचेसारखी स्वच्छ. स्वच्छ बाटली उघडून त्यांनी छान लांब श्वास घेतला. "वा! हे जंगलातलं ना?"

"नाही सर, ते नाल्याचं. गाळलेलं. जंगलातलं ते चहावालं."

तेव्हापासून सर दारातूनच चौकशी करतात.

*

लॅबचा फ्रीज बंद पडला म्हणून मी बाटल्या घरी नेल्या. नवरा उन्हातून आला, फ्रीज उघडला, बाटली तोंडापर्यंत नेली आणि लेबल वाचलं : 'वाडी, नाला'.

आता ताक दिलं तरी विचारतो, "हे कोणत्या गावचं?"

*

वावराजवळचं सॅम्पल घेताना एका काकांनी विचारलं, "माह्या पान्यात जास्त निंगालं का भावाच्या?"

"तुमच्या," मी म्हटलं. आणि जास्त निघणं चांगलं नाही, हे अर्धा तास समजावलं. वीस वर्षं शिकवते मी!

काकांनी मान हलवली. "म्हंजे मीच पह्यला ना?"

*

आता पल्लवीचं शेवटचं सॅम्पल. कळमेश्वरच्या पुढे, सागाच्या जंगलातला ओढा. आटत आलेला. हे हुकलं तर थीसिस वर्षभर पुढे, आणि थीसिसशिवाय हातात आलेली नोकरी जाणार. म्हणून ओढ्याजवळ राहणाऱ्या कमलमावशींना तिने आदल्या दिवशी फोन केला. "मावशी, उद्या येऊन राहिलो. पाण्यात कोणाले उतरू देऊ नका."

पोचलो. ओढा चकाचक! पाण्यात सागाचं एक पान नाही. काठाला शेणाचा ताजा सडा, त्यावर रांगोळी. सड्याचे हिरवट ओघळ आरामात पाण्यात उतरत होते.

"कोणाले नाई उतरू देलं," मावशी म्हणाल्या. "मीच केलं सारं. पोरीचं शेवटचं काम हाय ना वं!"

पल्लवीचे डोळे भरून आले. ते पाहून मावशींचेही.

शेवटी पल्लवीने हळूच विचारलं, "मावशी, जरा वरच्या अंगाले जाऊन पाणी घेऊ का?"

"जाय ना वं! वर बी झाडून, सडा टाकून ठेवला. पार झऱ्यापावतर!"