फ्लॉपीला लावलेलं हळदकुंकू

आता सांगते तेव्हा नातवंडं हसून लोळतात. पण त्या सकाळी मी बोरिवलीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या मोरीपाशी उभी राहून रडले होते. वय एकोणतीस, पदव्या दोन, अक्कल किती ते तुम्हीच ठरवा.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी पर्यावरण शिकवायची, तेही हंगामी. दर एप्रिलला नारळ, दर जूनला नवा अर्ज. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं. त्या वर्षी एक जागा कायम होणार होती, आणि ती मला द्यायची का, हे ठरवायला समिती माझा एक तास बघणार होती.

कॉलेजात नुकताच एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. पार्ल्याला क्लास लावून मी त्यावर नदी बनवली होती, आमच्या दहिसरचीच. म्हणजे काय, तर पडद्यावर हिरवे आकडे: सांडपाणी किती, पाण्यात प्राणवायू किती, मासे किती. मुलांनी सांडपाणी वाढवायचं आणि पुढची दहा वर्षं अर्ध्या मिनिटात बघायची. सातव्या वर्षी मासे शून्य.

ही अख्खी नदी एका फ्लॉपीवर. दुसरी प्रत नाही; त्या एकीसाठीच तीन सह्या लागल्या होत्या.

खंडेनवमीला आम्ही प्रयोगशाळेतल्या तराजूंची, सूक्ष्मदर्शकांची पूजा केली. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. मग मला, शहाणीला, वाटलं, खरं काम करते ती फ्लॉपी, तिलाच कोरडं कसं ठेवायचं? तिच्या काळ्या पाकिटाला लांबट खिडकी होती, आतली तपकिरी चकती तिथे उघडी दिसायची. अगदी कपाळच. मी नेमकं तिथेच बोट टेकवलं. आधी हळद, मग कुंकू. आणि ही बाई विज्ञान शिकवायची!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, समिती यायला तासभर असताना, मी फ्लॉपी आत सारली. मशीन घरघरलं, कण्हलं आणि वाचता येत नाही म्हणालं. मी फुंकर मारली. पदराने पुसलं. कुंकू आणखी पसरलं.

"बाई, देवाक गाऱ्हाणा घालू काय?" आमचे मालवणी लॅबमामा दारातून म्हणाले.

"मामा, तबक तुम्हीच धरलं होतंत ना?"

"तबक माझा, बोट तुमचा."

मग ती मोरी, ते रडणं. प्रोग्रामच्या चारशे ओळी पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता. वहीत नुसती सूत्रं होती. तोंड धुतलं आणि खडू उचलला.

समितीचे तिघे मागे बसले. मी वर्गाला म्हटलं, "आज आपणच कॉम्प्युटर." एका रांगेला सांडपाणी दिलं, दुसरीला प्राणवायू, तिसरीला मासे. रांगेने गुणाकार करायचा, आकडा ओरडायचा, मी फळ्यावर मांडायचा. प्राणवायूवाले दोनदा चुकले. दहिसरला नदीकाठच्या चाळीत राहणारी एक मुलगी पहिल्या बाकावर होती, तिने दोन्ही वेळा दुरुस्त केलं. चौथं वर्ष मांडलं आणि घंटा झाली. फळ्यावर मासे होते, थोडे कमी, पण होते.

समितीतले ज्येष्ठ गृहस्थ उठले. "वा! मुलं रमली हो. म्हणजे नदीला तसा धोका नाही म्हणायचा."

सातवं वर्ष मला तोंडपाठ होतं. एका वाक्याचं काम. पण गृहस्थ खूश होते, आणि मला ती जागा हवी होती.

"नाही सर," मी म्हणाले, "तसा नाही."

पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. समिती बाहेर पडल्यावर जवळ आली. "मॅडम, आमच्या इथे आत्ताच एक मासा नाहीये."

"पुढच्या तासाला बघू गं."

जागा मला मिळाली. पुढच्या तासाला मी उरलेली सहा वर्षं फळ्यावर मांडली, सातव्याला शून्य काढून त्याला गोलसुद्धा केला. सगळ्यांनी उतरवून घेतलं. ती मात्र हाताची घडी घालून बसली होती.