खराट्याची पाळी

उंबऱ्याच्या आत माझा डावा पाय पडला आणि प्रतापनं दारालगतच्या खाटेवर बसल्या बसल्या माझ्या छातीत लाथ मारली.

मी व्हरांड्यात उताणा पडलो. हातातले कागद फरशीवर पसरले. सायक्लोस्टाईल केलेले कागद होते. प्रत्येकाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘वसतिगृहातील जीवन व मार्गदर्शन : विद्यार्थ्यांची पाहणी.’

“अबे, आत कशाले येऊन राह्यला?” प्रताप म्हणाला. “बाहेरूनच विचार. तोंडाले आवाज नाई काय तुह्या?”

खोलीतली त्याची दोस्तमंडळी हसली. मी कागद गोळा केले, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि पहिला प्रश्न वाचला. वसतिगृहात तुम्हाला आपलेपणा वाटतो का? खूप वाटतो, बऱ्यापैकी वाटतो, मुळीच वाटत नाही.

“खूप वाटते,” प्रताप म्हणाला. “लिही.”

मी लिहिलं. पाहणी करणाऱ्यानं आपल्या भावना मधे आणायच्या नाहीत, असं आमच्या मॅडमनी शिकवलं होतं. बरगड्यांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. वर्ध्याचं एक कॉलेज, आणि पिपरी मेघेच्या रस्त्याला त्याचं वसतिगृह. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. गाव आंजीकडचं. बाप मजुरी करायचा. आम्ही बौद्ध.

आमच्या जिल्ह्यात चरखा आणि प्रार्थना यांचा तुटवडा कधी पडला नाही. वसतिगृहात दोन्ही होतं, आणि दोन्हींचे मालक आमचे रेक्टर होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. अंगावर स्वतः कातलेली खादी. आवाज इतका मऊ की ऐकायला वाकावं लागे. तो आवाज वाकवण्यासाठीच मऊ ठेवलेला असतो, हे समजायला मला तीन वर्षं लागली.

दर रविवारी सकाळी श्रमदान असायचं. स्वयंपाकघर, बाग, अंगण आणि संडास. प्रत्येक काम पाळीपाळीनं प्रत्येकावर येणार, असं भोजनगृहाच्या भिंतीवर सुंदर अक्षरांत रंगवलेलं होतं. प्रत्यक्षात गुरुजी कामं ‘स्वभाव पाहून’ वाटत. शेतकऱ्यांच्या पोरांचा स्वभाव बागेचा निघायचा. बामण-वाण्यांच्या पोरांचा भाजी निवडण्याचा. आम्हा बौद्धांच्या पोरांचा स्वभाव दर रविवारी न चुकता संडासाचा निघायचा. स्वयंपाकघराच्या दारातून आमचा स्वभाव कधी आत गेला नाही.

पाहुणे यायचे असले की गुरुजी स्वतः खराटा हातात घेत. आधी आम्ही संडास धुऊन, राख टाकून, फिनाईल मारून ठेवायचो. मग गुरुजी झाडायचे. मग फोटो निघायचा.

कॉलेजात पालक-प्राध्यापकांची योजना होती. प्रत्येक मुलाला एक प्राध्यापक नेमलेला, अडीअडचणीत सल्ला द्यायला. आमच्या सगळ्या पोरांचं पालकत्व गुरुजींनी आपणहून मागून घेतलं होतं. पहिल्या वर्षी मी त्यांना सांगितलं, मला इंग्रजी वाङ्मय घ्यायचं आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “बाळा, वाङ्मयानं पोट भरत नाही. चामड्याच्या कामाला आता चांगले दिवस येणार आहेत.” हे आमचं मार्गदर्शन.

मी सगळं चालवून घेत होतो. डोकं खाली, पुस्तक समोर, रविवारी खराटा हातात. पदवी मिळाली की सुटलो, असा हिशोब होता.

मग हिवाळ्यातल्या एका रविवारी बाप आला.

न सांगता आला. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मी संडासाच्या रांगेपुढे उभा होतो, गुडघ्यापर्यंत पायजमा वर केलेला, खराट्यातून पाणी गळत होतं. त्या पाण्यात काय होतं ते सांगायची गरज नाही. बाप कुंपणाजवळ थांबला. बराच वेळ पाहत राहिला.

छपन्न साली धर्म बदलून आल्यावर त्यानं गावातलं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला होता. गावानं त्याला काठ्यांनी मारलं होतं. डोक्यापासून भुवईपर्यंत आलेली ती खोक उन्हात अजून पांढरी दिसायची.

“हे सर्वायले करा लागते का रे?” त्यानं विचारलं.

“पाळी असते, बाबा.”

“मंग बाकीच्यायची पाळी कवा येते?”



त्यानं पिशवी कुंपणावर अडकवली. “हात धुऊन खाजो,” म्हणाला आणि बसस्टँडकडे चालू लागला. पाणीसुद्धा प्याला नाही.

पुढे उन्हाळा लागता लागता मॅडमनी पाहणी काढली. त्या समाजशास्त्राच्या, नागपूरहून नव्यानं आलेल्या. विद्यार्थी वसतिगृहात कसे राहतात, त्यांना सल्ला कसा मिळतो, यावर त्यांना अहवाल करायचा होता. मी त्यांच्या वर्गातला, मार्कं चांगली, शिवाय तिथंच राहणारा. म्हणून खोल्याखोल्यांत जाऊन प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं.

प्रश्न चांगले होते. जेवण कसं आहे, अभ्यासाला उजेड पुरतो का, घरची आठवण येते का. आठवण येण्याचे तीन प्रकार दिले होते. संडासाबद्दल प्रश्न नव्हता. मी प्रत्येक कागदाच्या शेवटी शाईनं एक प्रश्न लिहिला. ‘संडास सफाईची पाळी तुमच्यावर येते का? येत असल्यास मागे कधी आली?’

अक्षर माझं होतं. प्रश्न बापाचा होता.

आमच्या खोल्यांत या प्रश्नावर हशा पिकला. माझ्या खोलीतला सुखदेव म्हणाला, “मलेच विचारून राह्यला का बे? परवा तुह्या संगच त होतो.” बाकीच्या खोल्यांत हसू नव्हतं. कुणी खिडकीबाहेर पाहिलं. कुणी म्हणालं, हा प्रश्न राहू दे. बागेत काम करणारा एक पोरगा खरं बोलला, “नाई आली कधी. पन मले काऊन विचारतं? गुरुजीले विचार ना.”

आणि मग प्रतापची खोली. सिंदीला त्याच्या बापाचं कापसाचं जिनिंग होतं. वसतिगृहाची नवी विहीर त्याच्याच बापाच्या देणगीतून झाली होती आणि तिच्यावर तसा दगड बसवला होता. लाथेचं सांगितलंच.

उंबऱ्याबाहेर उभं राहून मी सगळे प्रश्न विचारले. तो लोळत लोळत उत्तरं देत होता. पालक-प्राध्यापकांचं मार्गदर्शन? उत्तम. सहकाऱ्यांची वागणूक? प्रेमाची. मी लिहीत होतो. शेवटचा प्रश्न वाचला.

प्रताप उठून बसला. “हा सवाल कोनाचा?”

“माझा.”

“घ्या! सरकारचा जावई आता आपली झडती घेऊन राह्यला.”

चौघांनी मला केसांना धरून अंगणातून फरफटत नेलं. पाठ खडीवर सोलून निघाली. संडासाच्या रांगेशी नेऊन गुडघ्यावर बसवलं. प्रतापनं कोपऱ्यातला खराटा उचलला. तीन वर्षांत त्याच्या हातात खराटा मी पहिल्यांदाच पाहिला.

पहिला फटका कानावर बसला. दुसरा तोंडावर. काड्या ओल्या होत्या. ओठ फाटला आणि ती घाण तोंडात गेली. मी तोंड मिटलं तर त्यानं खराटा उलटा धरून दांड्यानं जबडा उघडायला लावला.

“लिही बे उत्तर!” तो ओरडत होता. “प्रतापची पाळी आज आली! लिही!”

मग त्यांनी माझी मान धरून तोंड भोकावर दाबलं. किती वेळ ते माहीत नाही. खाली अंधार होता आणि त्यात किडे वळवळत होते. वर पोरं हसत होती. मी तिथं रडलो नाही. ओकलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बोलावलं. ते कातत होते. मी समोर उभा, ओठाला टाके, कान सुजून बंद झालेला. त्यांनी चरखा थांबवला नाही.

“बाळा,” ते म्हणाले, “तू सेवेची मोजदाद केलीस. मोजली की सेवा मरते.”

“मग प्रतापला सेवा का नाही, गुरुजी?”

“त्याचा तो स्वभाव नाही.”

“त्यानं मला मारलं.”

“तू त्याला चिथावलंस. चिथावणी हीसुद्धा हिंसाच आहे.” धागा तुटला. त्यांनी तो शांतपणे जोडला. “उद्या प्रार्थनेत सगळ्यांपुढे खराटा उचलायचा. माझी चूक झाली म्हणायचं. आणि परीक्षेपर्यंत सगळी सफाई एकट्यानं करायची. नाहीतर वसतिगृह सोड. वर्तणुकीचा दाखला माझ्या सहीनं मिळतो, हे तुला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. परीक्षा तोंडावर आली होती. पुढे बी.एड.ला जायचं तर दाखला लागणारच. दाखला नाही, तर मास्तरकी नाही. मास्तरकी नाही, तर आंजीकडे जाऊन बापाच्या बाजूला कापूस वेचायला उभं राहायचं.

“उचल लेका,” सुखदेव म्हणाला. “एका मिनिटाचं काम हाय. पेपर दे अन् निघून जाय.”

तो चुकीचं सांगत नव्हता. मी दिवसभर त्याच्या बाजूनंच विचार केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेला निघालो तेव्हाही माझा विचार उचलण्याचाच होता.

सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या. पुढे गुरुजी, पेटी, समई. एका खुर्चीवर मॅडम. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, पाहणीतून निघालेलं एक संस्कारक्षम फळ बघायला. गुरुजी बराच वेळ अहिंसेवर बोलले. मग त्यांनी खूण केली. कुणीतरी बादली आणि खराटा आणून माझ्यापुढे ठेवला.

तोच खराटा होता. काड्यांना माझं रक्त वाळलेलं होतं.

“उचल,” गुरुजी मऊ आवाजात म्हणाले.

ऐकायला मी वाकलो. वाकलो आणि मला माझं वाकणं दिसलं. बाप कुंपणापाशी उभा राहून पाहत होता तसं, बाहेरून दिसलं.

मी खराटा उचलला. सभागृह सैल झालं. गुरुजींनी डोळे मिटले. मी सतरंजीवरून चालत मागच्या रांगेत गेलो आणि तो खराटा प्रतापच्या मांडीवर ठेवला.

“तुझी पाळी,” म्हणालो.

पहिली थोबाडीत गुरुजींनी मारली. ते इतक्या चपळाईनं येतील असं कुणाला वाटलं नसतं. तासभर अहिंसा सांगणारा हात, पण सराव असल्यासारखा बसला. मग बाकीचे तुटून पडले. मला खाली पाडलं. कुणीतरी माझ्या उजव्या हातावर चप्पल घालून उभा राहिला आणि टाच फिरवली. करंगळी मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती आजही वाकत नाही.

तेवढ्यात सुखदेव उठला. एका मिनिटाचं काम म्हणणारा सुखदेव. “मारा बे!” असा ओरडला की पेटीवाला पेटी टाकून पळाला. आमची सगळी पोरं उठली. समई आडवी झाली, सतरंजीवर तेल सांडलं, घसरून पोरं पोरांवर पडत होती. मीही मारलं. डाव्या हातानं बादली उचलली आणि प्रतापच्या तोंडावर घातली. त्याचं नाक फुटलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

सरकारी दवाखान्यात मॅडम भेटायला आल्या. पेरू आणले होते. खाटेशी बसून म्हणाल्या, “तो शेवटचा प्रश्न मी अहवालातून काढतेय. मूळ आराखड्यात तो नव्हता. तुझ्याच भल्यासाठी.”

“मॅडम, तुम्ही सगळं पाहिलं ना?”

“मी तिथं पाहुणी होते रे,” त्या म्हणाल्या.

अहवाल पुढे छापून आला. निवासी विद्यार्थी एकंदरीत समाधानी आहेत, असं त्यात होतं. सहकाऱ्यांची वागणूक प्रेमाची आहे, असंही होतं. ते वाक्य मीच लिहून घेतलं होतं, उंबऱ्याबाहेर उभं राहून.

त्या रविवारी आमच्या एकाही पोरानं खराट्याला हात लावला नाही. पुढच्याही नाही. संडास तुंबले. वास आधी व्हरांड्यात आला, मग भोजनगृहात, मग प्रार्थनेत. भिंतीवरची सुंदर अक्षरं तशीच होती. सगळ्यांचे स्वभाव नाकाला रुमाल लावून फिरत होते.

मला काढून टाकल्याचा कागद मिळाला. दाखला मिळणार नाही, असंही कळलं. बापाला निरोप पाठवला होता. तो फाटकाशी येऊन उभा राहिला. माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, ओठाच्या टाक्यांकडे पाहिलं.

“झाडू उचलला का?” एवढंच विचारलं.

“उचलला. ज्याचा होता त्याले देऊन आलो.”

त्यानं माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. “मंग चाल.”

“थांबा बाबा. एक खोली राह्यली.”

मी आत गेलो. डाव्या हातात एकच कागद, प्रतापच्या अपुऱ्या उत्तरांचा. प्रतापच्या खोलीचं दार उघडं होतं. तो खाटेवर होता, नाकावर पट्टी. मी उंबरा ओलांडला. डावा पाय, मग उजवा. त्याच्या खाटेवर, त्याच्या गादीवर, त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं लाथ उचलली नाही. माझ्या प्लास्टरकडे बघत राहिला.

“शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय,” मी म्हणालो. “पाळी येते का?”

“भायेर निघ,” तो म्हणाला. आवाज नाकातून, बारीक.

मी कागद मांडीवर सरळ केला. पेन डाव्या हातात धरलं. डाव्या हातानं लिहिता येत नव्हतं. शिकणार होतो.

“पाळी येते का?” पुन्हा विचारलं.

मी उठलो नाही.