एका रांगेत एकाच जातीचे

सरांनी मला फसवलं. कॉम्प्युटरच्या भाषेतला ऐरे शिकवायला बसले आणि जात शिकवून मोकळे झाले.

क्लास त्यांच्या बंगल्यातच, सिविल लाइन्समध्ये. शहर हिंदी, सर मराठी, घराणं जुनं. पुढच्या बाकांवर त्यांच्याच ओळखीच्या घरांतली पोरं. मी सराफ्यात दुसऱ्यांची चांदी घासत वर आलेली बाई. आता माझं दुकान आहे. त्याची वेबसाइट स्वतः बनवायची होती, म्हणून गेले. पुढं जागा दिसली, बसले.

सरांनी आधी आडनाव विचारलं. मग ऐरे सांगितला.

"ऐरे म्हणजे रांग. एका रांगेत एकाच जातीचे. आकड्यांत आकडे, शब्दांत शब्द." मग माझ्याकडं बोट. "तू काहून पुढं बसून राहिली? मागं जा. जात मिसळली की ऐरे बिघडतो."

पुढचा एक म्हणाला, "सर, ऐरे में गैरे घुस गए."

हसले. सरही हसले. मी मागं गेले.

मागून विचारलं, "सर, दागिन्याचं नाव आणि वजन एकाच ऐरेत नाही ठेवता येत?"

"नाही."

मग दोन रांगा केल्या. एक नावांची, एक वजनांची. नावं अक्षरांप्रमाणे लावली. वजनं जागची हलली नाहीत. पैंजणाचं वजन जोडव्यांना लागलं. असल्या दुकानात कोण येईल?

सरावाच्या वेळी शेजारच्या कॉम्प्युटरवर पुढच्या बाकावरची मुलगी होती. कॉम्प्युटरची भाषा तीच. तिच्या ऐरेत शब्द आणि आकडा शेजारी-शेजारी, बिनतक्रार.

"दीदी, हे तर सरांनी रविवारी सांगितलं. ऐरेच्या आत ऐरे पण बसतो. आतल्या रांगा लहानमोठ्या असल्या तरी चालतं. तुम्हाला नाही बोलावलं?"

दुसऱ्या दिवशी मी पुढं बसले.

"ऊठ."

"नाही उठत. रविवारचं शिकवा."

"तुम्हा लोकांचा गोंधळ होतो, म्हणून नव्हतं सांगितलं."

गोंधळ म्हणे. सराफ्यातला भामटा भेसळीची चांदी खपवताना निदान नजर चुकवतो. ह्यांना तेवढीही लाज नाही.

मी क्लास सोडणार नाही. मागच्यांनाही पुढं आणून बसवलंय. सर म्हणतात, पुढचा धडा घेऊ. धडा नंतर. मशीननं न घातलेली अट मशीनच्या नावावर का खपवली? सगळ्यांसमोर उत्तर द्या, सर. मराठीत द्या, हिंदीत द्या. द्या.